डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, तरी मॅच खेळायची नाही का?

पेठेतला_मामा
भाच्याचं परवा शाहू स्टेडियमला फुटबॉल खेळताना, हेडर घेताना दुसऱ्याच्या डोक्याला डोकं आपटलं, थोडा वेळ भांबावला, उलटी वगैरे नाही, सीटी नॉर्मल. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितलाय पण संघातली पोरं म्हणाय लागलीत स्कॅन क्लिअर हाय तर रविवारी उतरू दे. घरात कुणी म्हणतंय सुजेची गोळी दे, शेजारचे काका प्रतिकारशक्तीचा काढा घेऊन आलेत. आत नक्की काय चालू असतंय?

लॅबवाली_ताई
मामा, रविवारी अजिबात नको. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, पेशींना झालेली इजा दिसत नाही. मेंदूत कायम मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी काही मिनिटांत आपले फाटे मार लागलेल्या जागेकडे वळवतात, गळती थोपवतात, मेलेल्या पेशी गिळतात, मग रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि उरलेला कचरा काढतात, आणि ते झालं की वेगळ्या प्रकारच्या मॅक्रोफेज पेशी फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या परत उभ्या करायला मदत करतात. आधी राडारोडा उचलायचा मग बांधकाम, हा क्रम मोडला की घोळ. २०१८ मध्ये उंदरांवर हेच दिसलं, पहिल्या मारानंतर २४ तासांच्या आत दुसरा मार बसला तर रक्तवाहिन्यांची दुरुस्ती बिघडली. माणसात हा काळ जास्त लांबू शकतो म्हणून २४ तास झाले की मोकळा असं धरू नका.

पेठेतला_मामा
मग सूज कमी करणारी गोळी?

रात्रपाळी_वॉर्ड
मनानं काहीच देऊ नका दादा, आयबुप्रोफेन ॲस्पिरिन तर नकोच, रक्तस्रावाची भीती असते. सूज दाबली की बरं होतं असं सरळ नसतंय. डोक्याच्या दुखापतीत सूज दाबणारं स्टिरॉइड द्यायचं का यावर क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली, १०,००० च्या वर पेशंट, २००४ मध्ये निकाल आला तर स्टिरॉइडवाल्यांत मृत्यू जास्त. काढ्याचं पण तेच, ताईंनी सांगितलेल्या त्या साफसफाईच्या पेशींना जोर चढवायची गरज नाही, जास्त वेळ भडकून राहिल्या तर त्या स्वतःच मेंदूतल्या चांगल्या पेशींचं नुकसान करतात.

लॅबवाली_ताई
+१. आणि एकदोन दिवसांनी हळूहळू चालायला हरकत नाही, नुसतं अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. त्रास वाढला नाही तर मग पळणं, मग एकट्यानं बॉल, आणि टक्कर होईल असा खेळ डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या लागल्या, गुंगी आली किंवा बोलणं अडखळलं तर थेट कॅज्युअल्टी.

पेठेतला_मामा
कॅप्टनला आत्ताच फोन केला, रविवारी भाच्याच्या जागी दुसरा पोरगा उतरणार. काढा परत दिला.