मदत हवी आहे: कागदी इंद्रधनुष्याची कमान होतच नाहीये

सायली_क: उद्या सकाळी मुलं येणार आणि माझं अजून अडलेलंच. सात रंगांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकं चिकटवली, पण वाकवलं की आतल्यांना चुण्या पडतात. तीनदा केलं. लवकर सांगा प्लीज.

रानफूल: मुलं केवढी आहेत? कागद घोटीव की कार्डपेपर? चिकटवताय कशाने?

बोरू: पट्ट्यांचा नाद सोडा. कागदी ताटली अर्धी कापा, मुलांना रंगवू द्या, दोन्ही टोकांना कापसाचे ढग. लेकीच्या वाढदिवसाला आम्ही हेच केलं, मुलं खूश होती.

सायली_क: ताटल्या नाहीत, पट्ट्यांचंच करायचंय. मुलं चार-पाच वर्षांची. घोटीव कागद, बाटलीतला डिंक.

मृगसर: डिंकामुळेच होतंय. कागद भिजला की फुगतो, वाकडा होतो. ग्लूस्टिक वापरा.

रानफूल: नुसत्या डिंकाने एवढ्या चुण्या पडणार नाहीत. सायली, पट्ट्या सगळ्या सारख्या लांबीच्या आहेत का?

सायली_क: हो, 30 सेंमी. सारख्याच असायला हव्यात ना?

रानफूल: नाही, तिथेच चुकतंय. आतली कमान लहान, तिला कागद कमी लागतो. तांबडी 30, नारिंगी 28, असं दोन-दोनने उतरत जांभळी 18. सगळ्यांची एक बाजू जुळवून चिकटवा, वाळू द्या. मग जांभळीपासून सुरुवात करून दुसरी टोकं एकेक जुळवत या. लांब पट्ट्या आपोआप वर फुगतात. शेवटी दोन्ही टोकं जवळ आणून पुठ्ठ्यावर बसवा. आणि कार्डपेपर मिळाला तर तोच घ्या, घोटीव फार लुळा पडतो.

आजोबा_आठवणीतले: तानापिहिनिपाजा म्हणत लावायला सांगा, मुलांना क्रम पाठ होतो. तांबडा बाहेरच हवा.

मृगसर: दुहेरी इंद्रधनुष्यात बाहेरच्या कमानीत तांबडा आत असतो, काका.

आजोबा_आठवणीतले: असतो, पण फिकट. मुलांना आधी ठळक दिसतं तेच शिकवावं.

निळीशाई: मुलांत कोणी डावखुरं असेल तर त्याला डावखुऱ्यांची कात्री द्या. साध्या कात्रीत पातं आड येतं, त्याला रेघ दिसत नाही. माझ्या मुलाला वर्षभर सगळे धांदरट म्हणत होते.

सायली_क: कार्डपेपरच्या पट्ट्या कापल्या. उभी राहिली! तांबडी वर चांगली फुगलीय. जांभळीचं एक टोक सुटतंय, चिमटा लावून ठेवलाय. पारव्या रंगाचा कागदच नाही, त्याऐवजी काय लावू?

बोरू: ताटली असती तर रंगवता आला असता.

रानफूल: सहाच लावा. निळ्याच्या आत थेट 20 ची जांभळी.