अमेरिकेचा ‘सेक्रेटरी’: मराठीत सचिव की मंत्री?

उपसंपादक
‘अमेरिकेचे परराष्ट्र सचिव भारत दौऱ्यावर’ असा मथळा दिसला की मला खटकतं. आपल्याकडे परराष्ट्र सचिव म्हणजे परराष्ट्र खात्यातला सर्वांत वरिष्ठ अधिकारी, मंत्र्याच्या हाताखालचा. अमेरिकेचा सेक्रेटरी ऑफ स्टेट हा स्वतःच खात्याचा प्रमुख आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात चौथा. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत पहिली ‘टू प्लस टू’ चर्चा, म्हणजे दोन्ही देशांच्या परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या प्रमुखांची बैठक झाली, तेव्हा अमेरिकेचे पॉम्पिओ (परराष्ट्र) आणि मॅटिस (संरक्षण) यांच्या समोर सुषमा स्वराज आणि निर्मला सीतारामन होत्या. म्हणजे मंत्र्यांसमोर मंत्री.

आणि हा प्रश्न मराठीने पूर्वीच सोडवला आहे. १८५८ साली लंडनमध्ये ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ हे पद निर्माण झालं. त्याला आपण ‘भारतमंत्री’ म्हणत आलो. माँटेग्यू यांची १९१७ ची घोषणा आपण सगळे भारतमंत्र्यांची घोषणा म्हणूनच शिकलो. मग आज मागे का जायचं? मंत्रीच लिहावं.

घटना-अभ्यासक
मला हे पटत नाही. मंत्री म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सभागृह येतं. तो निवडून आलेला असतो, नसला तर सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात यावं लागतं, तिथे त्याला प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. अमेरिकेत नेमकं उलट आहे. सरकारी पद धारण करणारा माणूस काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य राहूच शकत नाही, असं तिथली राज्यघटना सांगते. हिलरी क्लिंटन यांना २००९ मध्ये सेक्रेटरी होण्यासाठी सिनेट सोडावी लागली. ‘मंत्री’ लिहिलंत की दोन शासनपद्धतींमधला हा मूळ फरकच पुसला जातो.

शिवाय अमेरिकेच्या इतिहासात ‘मिनिस्टर’ हा वेगळाच हुद्दा आहे. जेफरसन आधी फ्रान्समध्ये मिनिस्टर, म्हणजे राजदूतासारखे वकील होते आणि १७९० साली सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले. त्यांचं चरित्र मराठीत लिहिताना दोन्हीकडे मंत्री लिहिणार का?

संस्कृतची विद्यार्थिनी
तुम्ही दोघंही सचिव म्हणजे अधिकारी असं धरून चालला आहात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मंत्री हा ‘धीसचिव’ आहे, म्हणजे सल्ला देणारा, आणि बाकीचे ‘कर्मसचिव’. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव आणि मंत्री हे दोघेही प्रधान होते. सुरनीसाचा झाला सचिव, वाकनीसाचा मंत्री. इंग्रजी शब्दाचं मूळही गुपित राखणाऱ्यात, म्हणजे विश्वासातल्या लेखनिकात आहे. त्याच्या सर्वांत जवळचा आपला शब्द खरं तर चिटणीस. बाळाजी आवजी चिटणीस होते, अष्टप्रधानांत नव्हते, पण महाराजांची पत्रं त्यांच्या हातून जात. सचिव या शब्दाला एवढं वजन असताना तो अमेरिकेच्या पदाला कमी का पडावा?

उपसंपादक
ताई, शब्दाचं मूळ मोलाचं आहे, पण सकाळी पेपर उघडणारा माणूस सचिव हा शब्द मंत्रालयातून उचलतो, अमरकोशातून नाही. ब्रिटनकडे बघा. तिथे ‘फॉरेन सेक्रेटरी’ हा खात्याचा राजकीय प्रमुख आणि त्याच्या हाताखाली ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’ असतात. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत सचिवाच्या हाताखाली मंत्री काम करताना दिसतील! आणि त्याच खात्यातला खरा सनदी अधिकारी, ‘पर्मनंट अंडर सेक्रेटरी’, त्याला मग काय म्हणणार? उपसचिव? तो तर आपल्या परराष्ट्र सचिवाच्या तोडीचा.

अनुवादक
माझा अनुभव असा की सरसकट नियम केला की फसगत होते. अमेरिकेच्या बहुतेक घटक राज्यांतही ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असतो, आणि अनेक ठिकाणी निवडणुकांची व्यवस्था त्याच्याकडे असते. २०२० च्या निवडणुकीनंतर जॉर्जियातलं हे पद जगभर गाजलं. तिथे ‘परराष्ट्रमंत्री’ लिहिलं तर अनर्थ, आणि ‘राज्य सचिव’ लिहिलं तर केंद्रातल्या पदाशी गोंधळ. मी पहिल्या उल्लेखात ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असंच ठेवते आणि पुढच्या वाक्यात त्याचं काम सांगते. सेक्रेटरी हा शब्द मराठीत कुणाला परका नाही.

उपसंपादक
जॉर्जियाचं उदाहरण मान्य, तिथे माझा शब्द चालणार नाही. पण मथळ्यात चार-पाच शब्दांची जागा असते. तिथे पुढचं वाक्य नसतं. वॉशिंग्टनहून येणाऱ्या माणसासाठी मी परराष्ट्रमंत्रीच लिहीन.

घटना-अभ्यासक
ब्रिटनपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथला फॉरेन सेक्रेटरी संसदेतच बसतो, त्याला मंत्री म्हणण्यात काही चूक नाही, आणि ‘भारतमंत्री’ हा शब्दही लंडनच्याच पदासाठी होता. तो आधार वॉशिंग्टनला लागू होत नाही. निदान बातमीच्या मजकुरात तरी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ एकदा लिहा.