मदत हवी आहे : जुन्या ट्रॅक्टरला नेमके कोणते डिझेल भरावे?

तिफण :
माझ्याकडे एक जुना ट्रॅक्टर आहे. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर सोडतो. नंतर दिवसभर मात्र तक्रार नसते. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या अंगाला आता ओल दिसू लागली आहे. एका जाणकाराच्या मते हल्लीच्या डिझेलमध्ये गंधक उरलेले नसल्यामुळे जुने पंप टिकत नाहीत. दुसऱ्याने प्रीमियम डिझेल सुचवले, तर तिसऱ्याने थोडे रॉकेल मिसळण्यास सांगितले. पेरणी तोंडावर आली आहे, तेव्हा कृपया एवढेच सांगावे की कोणते डिझेल घ्यावे आणि ते चांगले आहे हे कसे ओळखावे.

बांधकरी :
पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असलेला) आहे की रोटरी (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा), ट्रॅक्टर मध्यंतरी बंद होता का, आणि डिझेल थेट पेट्रोल पंपावरून भरता की साठवून ठेवता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर अंदाजाचेच असेल.

तिफण :
इंजिन तीन सिलिंडरचे असून ते उघडण्याची गरज नाही, असे मिस्त्रींनी सांगितले आहे. माझा प्रश्न इंजिनाचा नसून डिझेलचा आहे.

जुनाफाळ :
माझ्या अनुभवात यावर एकच खात्रीचा उपाय आहे. दर २०० लिटर डिझेलमागे १ लिटर टू-स्ट्रोक ऑईल टाकावे. मी अनेक वर्षे हेच करत आलो आहे आणि माझा पंप एकदाही उघडावा लागलेला नाही. गंधक गेले म्हणजे वंगण गेले, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे.

इंधनमापक :
जुनाफाळ यांच्या अनुभवाचा आदर राखून सांगतो, की वंगण गंधकामुळे मिळत होते हा समज बरोबर नाही. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण हजारो पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असे. पुढे ते ५०० वर आले आणि आज अनेक देशांत १० किंवा १५ पीपीएमची मर्यादा आहे. गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारी इतर नैसर्गिक संयुगेही नष्ट होतात, आणि घर्षण रोखण्याचे खरे काम ती करत असत. ही उणीव भरून काढण्यासाठी डिझेल विक्रीला जाण्यापूर्वी त्यात वंगणक्षम घटक मिसळतात. प्रयोगशाळेत धातूची गोळी डिझेलमध्ये घासून तिच्यावरचा झिजेचा व्रण मोजतात. युरोपीय मानकानुसार तो ४६० मायक्रॉनपेक्षा आणि अमेरिकी मानकानुसार ५२० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. म्हणून मानकात बसणारे ताजे डिझेल जुन्या पंपालाही चालते. उलट गंधक कमी झाल्याने ज्वलनात आम्ल कमी तयार होते आणि इंजिन ऑईलचे आयुष्य वाढते, हा जुन्या इंजिनाचा फायदाच आहे.

जुनाफाळ :
मानके कागदावर असतात आणि पंप शेतात चालतो. ऑईल टाकल्याने माझे नुकसान झालेले नाही, हे मी पुन्हा नमूद करतो.

इंधनमापक :
नुकसान झाले नाही याचा अर्थ गरज होती, असा होत नाही. आपल्याला खबरदारी घ्यायचीच असेल, तर डिझेलसाठी बनवलेला वंगण घटक त्याच्या डब्यावरील प्रमाणात वापरावा. काहीजण गाळलेले जुने इंजिन ऑईल टाकतात. ते मात्र कोणीही करू नये, कारण त्यातील काजळी आणि धातूचे कण पंप व नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दोन्ही घासतात.

रानवाट :
डिझेलबरोबर लागणारे युरियाचे द्रावण चांगल्या प्रतीचे घ्यावे, अन्यथा सेन्सर खराब होतो आणि इंजिनाची ताकद कमी होते. माझ्या नव्या ट्रॅक्टरमध्ये हा त्रास झाला होता.

बांधकरी :
ते द्रावण धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेसाठी असते आणि तिफण यांच्या ट्रॅक्टरला ती यंत्रणाच नसणार. हे वाचून कोणी ते डिझेलच्या टाकीत ओतू नये म्हणून स्पष्ट लिहितो : तसे केल्यास पंप आणि नोझल निकामी होतात.

हिरवीवाट :
जैवडिझेलचा विचार का करत नाही? केवळ २ टक्के जैवडिझेल मिसळले तरी वंगण लक्षणीय वाढते. पर्यावरणाच्या दृष्टीने हाच योग्य मार्ग आहे.

इंधनमापक :
वंगणाबाबत आपले म्हणणे खरे आहे, आणि युरोपीय मानकही साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत ते चालवून घेते. परंतु २० टक्के किंवा त्याहून अधिक मिश्रण जुन्या ट्रॅक्टरमध्ये भरू नये, असे माझे मत आहे. जैवडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, शिवाय ते हवेतील ओलावाही जास्त शोषते.

तिफण :
मूळ प्रश्न बाजूला पडत आहे. पंप रोटरी आहे, आता पाटी वाचून लिहितो आहे. ट्रॅक्टर मी घेण्यापूर्वी काही वर्षे उभाच होता. डिझेल गेल्या हंगामात आणलेल्या ड्रममधून भरतो आणि ड्रम गॅल्व्हनाइझ्ड आहे. रॉकेल मिसळावे की नाही, हे अजून कोणीही सांगितलेले नाही.

पाना_बारा :
रॉकेल अजिबात मिसळू नये. इनलाइन पंपाचा कॅमकडील भाग बहुधा इंजिन ऑईलवर चालतो. रोटरी पंपाला मात्र आतून डिझेलशिवाय दुसरे वंगण नसते. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि वंगणही कमी देते, त्यामुळे पंपाचे हेड व रोटर (डिझेल दाबून वाटणारे भाग) लवकर झिजतात. गरम इंजिन उशिरा सुरू होऊ लागते ते पुष्कळदा याच झिजेने. आपला ट्रॅक्टर थंड असताना अडतो, म्हणून मला वेगळी शंका येते. जुन्या पंपातील नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) जुन्या डिझेलमधील ॲरोमॅटिक घटकांमुळे फुगून घट्ट बसलेल्या असतात. ट्रॅक्टर वर्षानुवर्षे उभा राहिला आणि नंतर हे घटक कमी असलेले डिझेल मिळाले, की त्या आकसतात. मग ॲक्सिलरेटरच्या शाफ्टपाशी आणि वरच्या झाकणाच्या गॅस्केटपाशी ओल येते. तिथूनच रात्री हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे परतते. सकाळचा पांढरा धूर हा न जळलेल्या डिझेलचा असू शकतो.

याची खात्री घरीच करता येते. स्वच्छ डबा पंपापेक्षा उंच ठेवून त्यातील ताजे डिझेल स्वतंत्र नळीने थेट फिल्टरला द्यावे, हवा काढावी आणि रात्रभर तसेच ठेवून सकाळी सेल्फ मारावा. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला, तर दोष हवा शिरण्याचा आहे आणि डिझेलचा प्रकार बदलून काहीही साधणार नाही. त्याआधी इंजिन ऑईलची काडी अवश्य पाहावी. पातळी वाढली असेल किंवा ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाच्या ड्राइव्ह शाफ्टचे सीलही गेले आहे, असे समजून इंजिन चालवू नये.

बांधकरी :
ड्रमही बदलावा. गॅल्व्हनाइझ्ड भांड्यातील जस्ताची डिझेलशी अभिक्रिया होऊन तयार होणारे पदार्थ फिल्टर आणि नोझलमध्ये बसतात. ड्रमच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर जंतूंचा काळपट, बुळबुळीत थर धरतो, तो वेगळाच.

जुनाफाळ :
सील आकसण्याची माहिती मला नवी होती. तरीही रोटरी पंपाला थोडे जादा वंगण देणे शहाणपणाचे ठरेल.

तिफण :
सुचवल्याप्रमाणे डबा उंच ठेवून पाहिले. ट्रॅक्टर सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला आणि पांढरा धूरही आला नाही. ऑईलची पातळी ठीक असून वास येत नाही. ड्रमच्या तळाचे डिझेल काचेच्या बरणीत घेतले, तर खाली पाण्याचा स्पष्ट थर दिसला. आता प्रीमियम घ्यावे की साधे, एवढेच सांगावे.

इंधनमापक :
साधे घ्यावे. प्रीमियममध्ये बहुधा नोझल स्वच्छ ठेवणारे आणि सीटेन (डिझेल किती चटकन पेटते याचे माप) वाढवणारे घटक असतात. युरोपीय मानकात सीटेन किमान ५१ आणि अमेरिकी मानकात किमान ४० अपेक्षित आहे. जुनी इंजिने याच मर्यादेत चालण्यासाठी बनवलेली असल्याने जादा पैशाचा मोबदला आपल्याला जाणवणार नाही. ज्या पेट्रोल पंपावर खप जास्त आहे तिथून भरावे, म्हणजे डिझेल ताजे मिळते. टँकर नुकताच रिकामा झाला असेल तर तिथे भरणे टाळावे, कारण तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो. बरणीत घेतलेले डिझेल पारदर्शक दिसावे. रंगावरून प्रत ठरवू नये. काही देशांत करसवलतीच्या शेती डिझेलमध्ये ओळखीसाठी लाल रंग घालतात, पण इंजिनाच्या दृष्टीने ते साधे डिझेलच असते.

पाना_बारा :
ओ-रिंग आणि गॅस्केट बदलताना व्हिटॉनच्या (डिझेलला चांगले टिकणाऱ्या रबराच्या) घ्याव्यात. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, नवा फिल्टर बसवावा आणि काही तास काम झाल्यावर तो पुन्हा बदलावा, कारण सुटलेला गाळ पहिल्याच फिल्टरमध्ये अडकतो. यापुढे संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत दव धरणार नाही.