बॅले पोशाखाचा गेम: पोरी काही शिकतात की नुसता टाइमपास?

शहापूरकर:
बॅले नर्तिकेला सजवायचा मोबाईल गेम आमच्या गल्लीतल्या पोरींत सध्या जोरात आहे. झगा निवडा, रंग बदला, मुकुट चढवा, झालं. माझ्या मते यातून पोशाख कळत नाही, कारण नर्तिका पुतळ्यासारखी उभी. एक गिरकी नाही की उडी नाही. १८३२ साली पॅरिसला मारी ताल्योनी ही नर्तिका 'ला सिल्फीड' या बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हा पांढरा झगा घोट्याच्या वरच ठेवला होता, पावलं दिसायला हवी होती. पुढे पायांचं काम अवघड होत गेलं तसा टुटू, म्हणजे बॅलेचा हा जाळीचा झगा, आखूड होऊन कमरेशी आडवा ताठ झाला. गेममध्ये मात्र दोन्ही शेजारी टांगलेत, आवडेल तो घ्या!

खानापूरची आत्या:
नाही पटलं. आठ वर्षांच्या पोरीकडून एवढी अपेक्षा कशाला ओ? गेम खेळूनच माझ्या लेकीनं विचारलं, ही जाळी खाली का पडत नाही? मग दोघींनी व्हिडिओ शोधला. नेटचे दहाबारा थर, वरचा रुंद, खालचे कमी कमी होत गेलेले, मधे सैल टाके. हे कुतूहल कुठून आलं मग?

वडगावची टेलर:
गॅदरिंगचे परी-फ्रॉक मी शिवते. नेटला अस्तर नसलं की पोरगी स्टेजवर मांड्या खाजवत उभी राहते. गेममधलं नेट कुणाला टोचत नाही, चुण्या घालताना सुईखालून सटकत नाही. शहापूरकरांचं बरोबर आहे.

निपाणीकर:
बॅलेच का पण? इलकल, गुळेदगुड्डचा खण आपल्या उंबऱ्याशी असताना?

शहापूरकर:
@निपाणीकर, तिथंही हेच होणार. इलकल साडीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, फासे घालून साडीच्या अंगाला जोडलेला. गेम त्याचं नुसतं चित्र करील. कापडाची निवड जिवाशी येते हो. एमा लिव्ही या नर्तिकेनं आगरोधक झगा नाकारला, का तर तो ताठ आणि मळकट दिसायचा. १८६२ मध्ये तालमीत गॅसच्या दिव्यानं झगा पेटला, पुढच्या वर्षी ती गेली.

खानापूरची आत्या:
वाईट वाटलं वाचून. टेलरताई, सुट्टीत पोरींना चुण्या घालायला शिकवणार असाल तर माझी लेक पहिली आणून सोडते. गेम मात्र मी बंद करणार नाही.