सात वर्षांच्या मुलाला रिस्पेरिडोन सुरू करावं का?

आई, विश्रामबाग, सांगली
माझ्या मुलाला ऑटिझम आहे. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून) तीन वर्षं चालू आहे. गेले दोन महिने तो स्वतःच्या मनगटाला चावतोय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपत नाही. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला डोक्याच्या गोळ्या? आठ दिवस झाले, पट्टी देवघरात तशीच पडलीय. गोळीनं तो बोलायला लागेल का?

मुलीचा बाबा, कोरेगाव
ताई, बोलणं गोळीनं येत नाही. माझी लेक आता बारा वर्षांची आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. अमेरिकेत २००६ साली रिस्पेरिडोनला आणि २००९ मध्ये त्याच प्रकारच्या अ‍ॅरिपिप्राझोल या औषधाला मान्यता मिळाली, ती ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी; मारणं, स्वतःला इजा करणं त्यातच आलं.
आमची लेक भिंतीवर डोकं आपटायची. कपाळावर कायम टेंगूळ. गोळी सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात ते कमी झालं, मग कुठं ती थेरपीच्या बाईंसमोर बसायला लागली. पण भूक! ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी मागायची. पाच महिन्यांत सहा किलो वाढली. म्हणून वजनाची वही ठेवा, आणि रक्तातली साखर, चरबी कधी तपासायची ते डॉक्टरांना आधीच विचारा. गोळी मनानं बंद करू नका. मी वजनाला घाबरून एकदम थांबवली होती, चार दिवस घरात कुणाला झोप नव्हती. अजून वाईट वाटतं त्याचं.

विशेष शिक्षिका, कराड
चावणं गेल्या दोन महिन्यांतच सुरू झालंय, तर आधी दात, कान, पोट तपासलंत का? ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही, ते मूल चावूनच सांगतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची दाढ किडली होती. ती काढल्यावर चावणं थांबलं.

आई, विश्रामबाग, सांगली
मॅडम, त्याला चार-चार दिवस शी होत नाही. मी हे चावण्याशी जोडलंच नव्हतं. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. उद्या सकाळी फोन करते, गोळीचं त्यानंतर ठरवू. दादा, वजन कधी करायचं?

मुलीचा बाबा, कोरेगाव
सकाळी, काही खायच्या आधी. काटा दर वेळी तोच ठेवा.