मदत हवी आहे: बॉक्सिंग विजेत्यांचं वर्चस्व कसं मोजायचं?

गंगापूररोडकर
नाशिकरोडच्या एका बॉक्सिंग हॉलमध्ये लावायला हेवीवेट विजेत्यांचा तक्ता करतोय. सहा बाय तीनचा फ्लेक्स आहे, वरून खाली वर्चस्वाच्या क्रमाने नावं हवीत. एक्सेलमध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाकून वजाबाकी केली. जो लुईस (१९३७ ते १९४९) ४,२१३ दिवस. व्लादिमिर क्लिच्कोच्या दोन कारकिर्दी मिळून ४,३८२. म्हणजे क्लिच्को वर. पण मुलांचे कोच हे मानायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, लुईसने सलग २५ वेळा किताब राखला, तो मागे कसा? नेमकं काय मोजायचं?

आकडेमोड
आधी चूक दुरुस्त करा. लुईसचे दिवस ४,२७० आहेत, तुमच्याकडे ५७ कमी आलेत. त्याने निवृत्ती जाहीर केली १ मार्च १९४९ ला. अमेरिकन साइटवर ते ३/१/१९४९ असं असतं आणि आपल्या सेटिंगचं एक्सेल ते ३ जानेवारी धरतं. चूक गुपचूप होते, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. महिना अक्षरात लिहून सगळ्या तारखा पुन्हा भरा.

आता मुख्य मुद्दा. नुसते दिवस मोजणं म्हणजे दुकान किती वर्षं उघडं होतं ते मोजणं, गिऱ्हाईक किती आलं ते नाही. २७ मार्च १९४२ ते १९ जून १९४६ लुईसची एकही किताबाची लढत झाली नाही, महायुद्ध चालू होतं आणि तो सैन्यात होता. हे १,५४५ दिवस काढले की २,७२५ उरतात. त्यात २५ लढती, म्हणजे सरासरी १०९ दिवसांना एक. १९४१ मध्ये तर एका वर्षात सात. क्लिच्कोची दुसरी कारकीर्द ३,५०७ दिवसांची. १८ वेळा राखला आणि एकोणिसाव्या लढतीत टायसन फ्युरीकडून हरला. १८५ दिवसांना एक. माइक टायसन १,१७७ दिवसांत नऊ वेळा राखून दहाव्या लढतीत टोकियोत डग्लसकडून हरला, ११८ दिवसांना एक.

तेव्हा 'दिवस', 'राखले', 'दोन लढतींतलं सरासरी अंतर' असे तीन रकाने ठेवा. एकच आकडा काढायचा हट्ट नको.

पट्टेवाला
वरच्यात एक भर घालतो. लुईसच्या वेळी किताब एकच होता, नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन आणि न्यूयॉर्क कमिशन दोघांनाही तोच मान्य. आता किताब देणाऱ्या चार संस्था आहेत, प्रत्येकीचा पट्टा वेगळा: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. क्लिच्कोकडे चारही पट्टे कधीच नव्हते. डब्ल्यूबीसी २००८ ते २०१३ सख्ख्या भावाकडे, व्हिटालीकडे होता आणि दोघे एकमेकांशी लढणार नव्हते.

म्हणून दिवसांना पट्ट्यांच्या वाट्याने गुणा. २२ एप्रिल २००६ पासून एक पट्टा: ६७२ दिवस गुणिले पाव, १६८. २३ फेब्रुवारी २००८ पासून दोन: १,२२५ गुणिले अर्धा, ६१२.५. २ जुलै २०११ ला डेव्हिड हे या बॉक्सरला हरवल्यावर तीन: १,६१० गुणिले पाऊण, १,२०७.५. बेरीज १,९८८. पहिल्या कारकिर्दीत फक्त डब्ल्यूबीओ, ८७५ चा पाव धरा, साधारण २१९. दोन्ही मिळून २,२०७ च्या आसपास. लुईसचे ४,२७० पूर्णच्या पूर्ण.

डब्ल्यूबीए 'सुपर' आणि 'रेग्युलर' असे दोन विजेते ठेवते, त्यातला सुपरच धरा. नाहीतर एकाच पट्ट्याचे एकाच दिवशी दोन मालक निघतात आणि बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते.

गंगापूररोडकर
धन्यवाद, तारखा दुरुस्त केल्या. पण अलीचं काय लिहू? १९६७ मध्ये तो हरला नव्हता, सैन्यभरतीला नकार दिला म्हणून किताब काढून घेतला. मार्सियानोही न हरता निवृत्त झाला.

आकडेमोड
'शेवट कसा झाला' असा वेगळा रकाना करा. रिंगमध्ये हरला तर १, निवृत्त झाला किंवा किताब काढून घेतला तर ०. संख्याशास्त्रात अशा नोंदीला अपूर्ण निरीक्षण म्हणतात: किमान इतके दिवस टिकला, पुढे किती टिकला असता ते दिसलंच नाही. या नोंदी गाळल्या तर लुईस, मार्सियानो (१,३१२ दिवस, सहा वेळा राखला) आणि १९६७ चा अली, तिघेही सरासरीतून उडतात. तिघांना 'हरला' धरलं तर टिकण्याची शक्यता उगाच घसरते. अशा अपूर्ण नोंदी धरून टिकण्याची शक्यता काढायची कापलन-मायर पद्धत याचसाठी आहे.

कुणी कुस्तीतल्या महाराष्ट्र केसरीशी तुलना करेल, तर ती इथेच फसते. गदा दरवेळी नव्या स्पर्धेत मिळवावी लागते. जानेवारी २०२० मध्ये ती नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने जिंकली, पण ती 'राखणं' हा प्रकारच नाही. बॉक्सिंगचा पट्टा कुणीतरी हरवेपर्यंत कमरेलाच.

तिसरा पंच
विजयाची प्रतही धरा. लुईसच्या २५ पैकी २१ नॉकआउट, तीन गुणांवर, एक प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने. तो अपात्र ठरलेला बडी बेअर, मे १९४१. घंटेनंतर ठोसा बसला म्हणून त्याचा मॅनेजर सातव्या फेरीला रिंगमधून उतरेचना. आणि डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने लुईसला दोनदा खाली पाडलं होतं, निकाल पंचांच्या विभागलेल्या मतांवर गेला. तक्त्यात मात्र ती लढत नॉकआउटइतकीच भरते.

मी नॉकआउटला १, एकमताच्या निकालाला ०.८, विभागलेल्या निकालाला आणि अपात्रतेला ०.५ देतो. लुईस: २१ अधिक ०.८ (टॉमी फारविरुद्ध, एकमताने) अधिक १ (गोडॉय आणि वॉलकॉटविरुद्ध, विभागलेले, प्रत्येकी ०.५) अधिक ०.५ (बेअर), बेरीज २३.३, भागिले २५, म्हणजे ०.९३. माप पटलं नाही तर बदला, पण सगळ्यांना एकच लावा.

प्रतिस्पर्ध्याचं मानांकन लढतीच्या दिवशीचं घ्या, नंतर तो कोण झाला ते नाही. ईलोच्या (बुद्धिबळात असतं तसं, प्रत्येक निकालानंतर बदलणारं गुणांकन) फंदात पडू नका. विजेता वर्षात दोनतीनदाच लढतो, एवढ्या कमी लढतींत आकडा स्थिरावत नाही.

गंगापूररोडकर
शेवटचं: कॉर्बेटच्या तारखा (७ सप्टेंबर १८९२ ते १७ मार्च १८९७) टाकल्या की एक्सेल चूक दाखवतं.

आकडेमोड
एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख कळत नाही, ते तिला अक्षरं समजतं. दोन्हींत ४०० वर्षं मिळवा, २२९२ आणि २२९७. आपलं कॅलेंडर ४०० वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं, त्यामुळे उत्तर बरोबर १,६५२ येईल. फ्लेक्स छापायला देण्याआधी मात्र ४०० वजा करा, नाहीतर कॉर्बेट अजून जन्मायचाय असं दिसेल.