आजीचं गोंदण पुसलं, त्याला कला म्हणायचं?

सावळीच_बरी: काल इथे एका फोटोग्राफरने लिहिलं की 'लग्नाचे फोटो एडिट करू नका म्हणणाऱ्यांची ऑर्डर मी घेत नाही, एडिटिंग ही माझी कला आहे.' तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. माझा अल्बम आला तेव्हा आजीच्या कपाळावरचं गोंदण गायब, हनुवटीवरचे तीन ठिपकेपण गायब, डाग समजून साफ केलेले. आजी वर्षभरात गेली. आणि मी अष्टपुत्रीत इतकी गोरी की मामेभावाने विचारलं ही कोण. शादी डॉट कॉमने 2020 मध्ये रंगाचा फिल्टर काढला, फेअर अँड लव्हलीने त्याच वर्षी नावातलं फेअर काढलं, आमचे फोटोवाले मात्र तिथेच.

लेन्सवाला_मिरज: ती पोस्ट माझीच. गोंदण जायला नको होतं. पण एका लग्नाचे दोन हजार फोटो असतात, एकच ॲक्शन, म्हणजे एडिटिंगच्या ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणारी कमांड, सगळ्यांवर चालवतो आम्ही. रंगाचं म्हणाल तर स्टेजवर जांभळे एलईडी, हॉलमध्ये पिवळे दिवे, शालूचा हिरवा गळ्यावर उतरतो, व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्यांमुळे फोटोवर चढलेली रंगाची झाक, सुधारला नाही तर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. आणि गोरं करा असं नवरीची आईच सांगते हो. एकीला आहे तशी ठेवली तर अल्बम परत आला, दुसऱ्यांदा छापायचे पैसे माझ्या खिशातून गेले.

डार्करूम_काका: व्हाइट बॅलन्स वेगळा आणि गोरं करणं वेगळं, दोन्ही एकात मिसळू नकोस. मी निगेटिव्हवर पेन्सिलने रिटच करायचो. पुटकुळी जायची, तीळ राहायचा. तीळ माणसाचा असतो.

वधूपिता: एडिटिंगचं नंतर बघू, आधी अंतरपाटासमोरून हटा! माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू आणि चार कॅमेरेवाले आमच्याकडे पाठ करून उभे, आमच्या अक्षता त्यांच्या पाठीवर. अंतरपाट दूर झाला ते माझ्या आईला दिसलंच नाही.

लेन्सवाला_मिरज: आणि तो फोटो चुकला असता तर शिव्या कुणाला घातल्या असत्या?

वधूपिता: लग्न तुमच्या फोटोसाठी लावत नाही आम्ही.

डार्करूम_काका: बाजूने लांब लेन्स लावून मिळतो की फोटो.

लेन्सवाला_मिरज: काका, बाजूने पन्नास पाहुणे मोबाइल वर करून उभे असतात, तिथून काय मिळणार? एकदा येऊन उभे राहा माझ्या जागी, मग शिकवा.

वधूपिता: वडीलधाऱ्या माणसाशी नीट बोला. माळा पुन्हा घालायला लावणारेपण तुम्हीच, गुरुजी ताटकळत उभे होते.

सावळीच_बरी: माझा विषय गोंदणाचा होता.

लेन्सवाला_मिरज: ठीक आहे ताई. गोंदण, तीळ, व्रण यापुढे घरच्यांना विचारल्याशिवाय काढणार नाही. रंगाचं मला अजून पटलेलं नाही, गिऱ्हाईक मागेल ते द्यावंच लागतं. आजीचा जुना फोटो असेल तर पाठवा, ठिपके जिथल्या तिथे बसवून देतो, पैसे नकोत.

सावळीच_बरी: तेपण एडिटिंगच झालं. पण आधार कार्ड काढायला गेलो होतो तेव्हाचा एक फोटो आहे, त्यात हनुवटीचे तिन्ही दिसतात. पाठवते. शेजारी मी उभी आहे, मला हात लावायचा नाही.